मीरा-भाईंदर किनाऱ्यावरील सागरी प्लास्टिक प्रदूषण

मीरा-भाईंदर किनाऱ्यावरील सागरी प्लास्टिक प्रदूषण ही महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहरालगतचा अरबी समुद्र, वसईची खाडी आणि त्यांच्या काठची कांदळवने यांना भेडसावणारी पर्यावरणीय समस्या आहे. शहराच्या पश्चिमेस असलेल्या उत्तन, चौक आणि पाली या कोळीवाड्यांतील पारंपरिक मासेमारीवर तिचा थेट परिणाम होतो. येथील मच्छीमार प्रामुख्याने डोल जाळ्याने मासेमारी करतात. हे जाळे एका जागी स्थिर राहते आणि भरती-ओहोटीचे पाणी त्यातून गाळले जाते. त्यामुळे खाडीतून समुद्रात जाणारे आणि समुद्रातून परत येणारे प्लास्टिक मासळीबरोबर जाळ्यात अडकते.

महासागर ओलांडणाऱ्या शिडाच्या नौकांनी भूमीपासून हजारो किलोमीटर अंतरावरही प्लास्टिक आढळल्याची नोंद केली आहे. त्यातील बराचसा कचरा नद्या, खाड्या आणि शहरी किनाऱ्यांवरून समुद्रात जातो. या प्रवासाचा आरंभीचा टप्पा मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावर पाहावयास मिळतो.

## भौगोलिक पार्श्वभूमी

मीरा-भाईंदर महानगरपालिकेची स्थापना २८ फेब्रुवारी २००२ रोजी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. शहराच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस मुंबई उपनगरातील दहिसर, गोराई व मनोरी हा परिसर आहे. दाट वस्तीचा भाग रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंस पसरलेला असून राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन, चौक व पाली ही जुनी गावे पश्चिमेकडे आहेत. शहर व ही गावे यांच्या दरम्यान मिठागरे, खाजण जमिनी आणि कांदळवने आढळतात.

वसईची खाडी हे उल्हास नदीचे मुख होय. सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी सुमारे १२२ किमी लांबीची आहे. कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, भिवंडी आणि ठाणे ही नगरे या नदीच्या, तिच्या उपनद्यांच्या किंवा खाडीच्या परिसरात वसलेली आहेत. घोडबंदरवरून पुढे खाडी पश्चिमेकडे वळते आणि उत्तरेस वसईचा किल्ला व दक्षिणेस उत्तन-चौकचा किनारा यांच्या मधून समुद्रास मिळते. त्यामुळे उत्तनच्या समुद्रात आढळणारा कचरा केवळ मीरा-भाईंदर शहराचा नसतो. संपूर्ण खोऱ्यातील नागरी वस्त्यांचा कचरा या मुखातून समुद्रात येतो.

## प्रदूषणाचे स्रोत

या किनाऱ्यावरील प्लास्टिकचे स्रोत स्थूलमानाने चार प्रकारचे आहेत.

* '''नाले व नदी :''' गोळा न झालेला किंवा उघड्यावर टाकलेला कचरा पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांत आणि तेथून खाडीत जातो. पातळ पिशव्या, दुधाच्या व खाद्यपदार्थांच्या पिशव्या, शाम्पू व गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, चपला आणि थर्माकोलचे तुकडे यांचा त्यात समावेश असतो.
* '''निर्माल्य :''' भाईंदर आणि नायगाव या स्थानकांदरम्यानच्या रेल्वेपुलावरून जाताना अनेक प्रवासी निर्माल्य खाडीत अर्पण करतात. फुले कुजून जातात, मात्र ती ज्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली असतात ती पिशवी पाण्यात राहते. पुलालगतच्या पाणजू बेटावरील रहिवासी पुलाच्या कडेने पायी ये-जा करीत असताना धावत्या गाडीतून फेकलेल्या वस्तू लागून जखमी झाल्याच्या घटना घडल्या आहेत.
* '''घनकचऱ्याची साठवण :''' शहराच्या घनकचऱ्याची विल्हेवाट उत्तन येथील डोंगरावर लावली जाते. हा प्रकल्प स्थानिक ग्रामस्थांच्या आंदोलनांचा तसेच राष्ट्रीय हरित लवादापुढील सुनावणीचा विषय ठरला आहे.
* '''मासेमारीची साधने :''' तुटलेली जाळी, दोर, पिंपे आणि तरंगते गोळे हेही सागरी प्लास्टिकच आहे.

## डोल जाळे आणि प्लास्टिक

डोल हे लांबलचक शंकूच्या आकाराचे पिशवीसारखे जाळे आहे. त्याचे तोंड रुंद असून आस मागील टोकाकडे क्रमाक्रमाने बारीक होत जाते. शेवटच्या भागास 'खोला' म्हणतात. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना दोरांनी बांधून जाळे प्रवाहाच्या दिशेस तोंड करून लावतात. तोंड उघडे राहावे म्हणून वरच्या बाजूस पिंपे बांधलेली असतात. भरती किंवा ओहोटीचा प्रवाह वाहू लागला की पाण्याबरोबर मासळी जाळ्यात शिरते आणि खोल्यात साठते. प्रवाह मंदावला की पुढील प्रवाह उलट्या दिशेने सुरू होण्यापूर्वी जाळे होडीत ओढून घेतले जाते. बोंबील, मांदेली, वाकटी, करंदी व जवळा ही या जाळ्यात मिळणारी प्रमुख मासळी होय.

ट्रॉलर जाळे ओढत नेतो आणि कचऱ्याची जागा त्यास टाळता येते. डोल जाळ्यास ती मुभा नसते. प्रवाह जे आणील ते सर्व त्यात शिरते. जवळ्यासारखे बारीक जीव पकडण्यासाठी खोल्याची आस लहान ठेवावी लागत असल्याने प्लास्टिकचे लहान तुकडेही बाहेर पडत नाहीत. पिशव्या आसांवर चिकटल्या की पाणी जाळ्यातून सहज वाहत नाही, जाळ्यावर प्रवाहाचा ताण वाढतो आणि ते फाटण्याचा किंवा खुंटावरून सुटण्याचा धोका निर्माण होतो.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत प्रवाह वेगवान असतो. हे दिवस डोल मासेमारीस अनुकूल मानले जातात, तर भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असल्याने मासळी कमी मिळते. परंतु उधाणाचे पाणी कांदळवनांत व किनाऱ्यावर अधिक उंचीपर्यंत चढते आणि परतताना तेथे साचलेला कचरा उचलून नेते. म्हणून मासळीच्या दृष्टीने जे दिवस सर्वांत चांगले, त्याच दिवसांत जाळ्यात कचरा येण्याची शक्यताही अधिक असते.

हाच विरोधाभास हंगामातही दिसून येतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. ऑगस्टमध्ये नौका समुद्रात उतरतात तेव्हा पावसाळा संपलेला नसतो आणि नद्यानाल्यांतून वाहून आलेला कचरा मुखाजवळच्या पाण्यात असतो. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक अधिक येते, अशी तक्रार उत्तन परिसरातील मच्छीमारांनी वृत्तपत्रांतून वेळोवेळी मांडली आहे.

## परिणाम

### मासेमारी व उपजीविका

प्लास्टिकमुळे होणारे नुकसान केवळ फाटलेल्या जाळ्यापुरते मर्यादित नसते. मासळीतून कचरा वेचण्यासाठी वेळ लागतो आणि बोंबलाच्या बाबतीत हा वेळ महत्त्वाचा ठरतो. बोंबील (शास्त्रीय नाव : हार्पाडॉन नेहेरियस) हा अतिशय मऊ मासा असून त्याच्या मांसात पाण्याचे प्रमाण फार अधिक असते. बाटल्या, फांद्या व इतर कठीण वस्तूंबरोबर खोल्यात दाबला गेल्यास तो फुटतो आणि निवडण्यास उशीर झाल्यास लवकर खराब होतो. खराब मासळीस ताज्या बाजारात भाव मिळत नाही.

किनाऱ्यावर मासळी निवडणे, विकणे आणि सुकवणे ही कामे मुख्यतः कोळी स्त्रिया करतात. जाळ्यातून आलेल्या कचऱ्याचा भार त्यामुळे त्यांच्या श्रमावरही पडतो. बोंबील बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीने टांगून सुकवले जातात, तर जवळा जमिनीवर पसरून वाळवतात. जवळ्यात मिसळलेले प्लास्टिकचे बारीक तुकडे हाताने वेचून काढणे कष्टाचे असते. पिशव्या व दोर होडीच्या पंख्यात अडकल्यास इंजिन बंद पडते आणि खलाशास पाण्यात उतरून ते सोडवावे लागतात.

### सागरी जीव व अन्नसाखळी

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ऊन, लाटा आणि वाळूचे घर्षण यांमुळे मोठ्या वस्तूंचे तुकडे होत जातात, मात्र प्लास्टिक नाहीसे होत नाही. मुंबईच्या चार वाळूच्या किनाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रति चौरस मीटर सरासरी ६८.८३ तुकडे व ७.४९ ग्रॅम प्लास्टिक आढळले. तुकड्यांची संख्या मोठी आणि वजन अल्प, यावरून कचऱ्यात लहान तुकड्यांचे प्रमाण किती अधिक होते याची कल्पना येते.

वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेशी संबंधित संशोधकांनी २०२१ मध्ये ईशान्य अरबी समुद्रातील कोळंबीच्या पचनमार्गात सूक्ष्मप्लास्टिक आढळल्याचे प्रसिद्ध केले. मोठी मासळी साफ करताना तिचे आतडे काढून टाकले जाते. जवळा व सुकट मात्र अखंड खाल्ले जातात. त्यामुळे लहान जीवांमधील सूक्ष्मप्लास्टिकचा प्रश्न कोकण किनाऱ्याच्या आहारात विशेष महत्त्वाचा आहे.

सागरी कासवे तरंगणाऱ्या पिशव्या गिळतात किंवा टाकलेल्या जाळ्यांत अडकतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे जखमी सागरी कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे.

### कांदळवने

कांदळवनांतील काही वृक्षांची श्वसनमुळे चिखलातून वर येतात आणि हवेतून प्राणवायू घेतात. भरतीबरोबर आलेल्या पिशव्या या मुळांवर गुंडाळल्या जातात व ओहोटीनंतर तेथेच राहतात. मुळे झाकली गेल्यास झाडांची वाढ खुंटते. मासे, कोळंबी व खेकडे यांच्या पिल्लांचे आश्रयस्थान असलेली ही वने दुबळी झाल्यास त्याचा परिणाम पुन्हा मासेमारीवर होतो.

## मासेमारीतील प्लास्टिकचा वापर

पूर्वी डोल जाळी ताग व सुती धाग्यांपासून बनवत असत आणि तोंड उचलून धरण्यासाठी लाकडी पिंपे वापरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा नायलॉन, पॉलिइथिलीनचे धागे आणि प्लास्टिकची पिंपे यांनी घेतली. नवी जाळी हलकी व टिकाऊ असून पाण्यात कुजत नाहीत. जुन्या जाळ्यांची वारंवार करावी लागणारी निगा त्यामुळे कमी झाली.

तथापि, न कुजणे हाच या जाळ्यांचा दोषही आहे. हरवलेले तागाचे जाळे काही काळाने नष्ट होत असे. नायलॉनचे हरवलेले जाळे मात्र दीर्घकाळ मासे, खेकडे व कासवे अडकवीत राहते. अशा जाळ्यांना 'भुताची जाळी' असे म्हटले जाते. सागरी प्लास्टिकच्या बाबतीत मच्छीमार नुकसान सोसणारा घटक आहे, तसाच कचऱ्याचा एक स्रोतही आहे.

## समुद्रातील प्लास्टिकचा प्रवास

समुद्रात गेलेले प्लास्टिक कोठे जाईल हे त्याच्या घनतेवर, आकारावर आणि वारा व प्रवाह यांवर अवलंबून असते. पिशव्यांचे पॉलिइथिलीन आणि दोरांचे पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते. बाटल्यांचे पेट, पीव्हीसी आणि नायलॉन पाण्यापेक्षा जड असते. झाकण लावलेली रिकामी बाटली हवेमुळे तरंगते, मात्र पाणी शिरताच बुडते. तरंगणाऱ्या वस्तूंवरही शेवाळ व शिंपले वाढल्याने त्या कालांतराने खाली जातात. म्हणून पृष्ठभागावर दिसणारा कचरा हा एकूण कचऱ्याचा केवळ एक भाग असतो.

अरबी समुद्रातील वारे व प्रवाह मोसमानुसार दिशा बदलतात. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य वारे व उंच लाटा तरंगता कचरा किनाऱ्याकडे लोटतात. पावसाळ्यातील मोठ्या भरतीनंतर मुंबई परिसरातील किनाऱ्यांवर कचऱ्याचे थर दिसतात ते याच कारणाने. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे एका गावातून समुद्रात गेलेली वस्तू काही महिन्यांनी दुसऱ्याच गावाच्या किनाऱ्यावर सापडू शकते.

## खुल्या महासागरातील निरीक्षणे

महासागरातील प्रदूषणाकडे जगाचे लक्ष वेधण्यात शिडाच्या नौकांतून प्रवास करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. नॉर्वेचे थोर हेयेरदाल यांनी १९७० मध्ये पपायरसच्या 'रा-२' या नौकेतून अटलांटिक महासागर ओलांडला. ५७ दिवसांच्या या प्रवासात ४३ दिवस पाण्यावर तेलाचे गोळे दिसल्याचे त्यांनी संयुक्त राष्ट्रांना कळविले. सरगॅसो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे कण आढळल्याचा शास्त्रीय निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी नौकानायक चार्ल्स मूर १९९७ मध्ये हवाईहून कॅलिफोर्नियास परतत असताना त्यांना उत्तर पॅसिफिक महासागरात दिवसेंदिवस तरंगते प्लास्टिक दिसत राहिले. पुढे हा भाग 'पॅसिफिकमधील कचऱ्याचा महापट्टा' म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे क्षेत्र सुमारे १६ लाख चौरस किमी व त्यातील प्लास्टिकचे वजन सुमारे ७९,००० टन असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. वजनाने ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा होता. हा पट्टा म्हणजे कचऱ्याचे सलग बेट नव्हे. विस्तीर्ण पाण्यात विखुरलेल्या तुकड्यांचे ते वाढलेले प्रमाण आहे.

भारतीय नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेने गोव्याहून दोन पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात पहिली 'नाविका सागर परिक्रमा' पूर्ण केली. खुल्या समुद्रातील प्रदूषणाचे निरीक्षण करून त्याची माहिती देणे हा त्या मोहिमेच्या उद्दिष्टांपैकी एक भाग होता. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. यांनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दुसरी परिक्रमा केली. या प्रवासात त्या दक्षिण पॅसिफिकमधील 'पॉइंट निमो' या भूमीपासून सर्वांत दूरच्या बिंदूवरून गेल्या आणि तेथील पाण्याचे नमुने राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या परीक्षणासाठी घेतले. त्यापूर्वी २०१७-१८ च्या व्होल्वो महासागर शर्यतीतील नौकांनी घेतलेल्या नमुन्यांत पॉइंट निमोजवळ प्रति घनमीटर ९ ते २६ सूक्ष्मप्लास्टिकचे कण आढळले होते.

या दोन टोकांतील फरक उपाययोजनेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मध्य महासागरात प्लास्टिक बारीक व विरळ झालेले असते आणि ते गोळा करणे अत्यंत खर्चाचे ठरते. खाडीच्या मुखाशी तेच प्लास्टिक अखंड पिशवीच्या, पुडीच्या किंवा बाटलीच्या रूपात आणि दाट प्रमाणात असते.

## कायदे व नियमन

२६ जुलै २००५ रोजी मुंबई परिसरात झालेल्या अतिवृष्टीत प्लास्टिकच्या पिशव्यांनी नाले तुंबल्याचे निदर्शनास आल्यानंतर महाराष्ट्र शासनाने २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात सर्व प्लास्टिक पिशव्या तसेच प्लास्टिक व थर्माकोलच्या एकदा वापरावयाच्या ताटे, पेले, वाट्या इत्यादी वस्तूंवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास ५,०००, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कारावास अशी तरतूद करण्यात आली.

केंद्र शासनाने २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती करून १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या निवडक वस्तूंवर देशभर बंदी घातली. ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशव्यांची किमान जाडी १२० मायक्रॉन करण्यात आली. दुधाच्या पिशव्या, बाटल्या आणि अनेक थरांच्या पुड्या ही वेष्टने या बंदीत येत नाहीत. ती परत गोळा करण्याचे दायित्व २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उत्पादक, आयातदार व ब्रँडमालक यांच्यावर आहे. समुद्रात आढळणाऱ्या कचऱ्याचा मोठा भाग याच वर्गातील असल्याने बंदीपेक्षा या दायित्वाची अंमलबजावणी अधिक निर्णायक ठरते.

जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास 'मारपोल' कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून मनाई आहे. भूमीवरून येणाऱ्या प्लास्टिकसंबंधी असा बंधनकारक जागतिक करार अस्तित्वात नाही. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये ठराव केला. मात्र ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील वाटाघाटीही करार न होता संपल्या.

## उपाययोजना

* '''किनारा स्वच्छता :''' मुंबईतील वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेली मोहीम सर्वांत प्रसिद्ध आहे. या कार्यासाठी त्यांना २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये 'स्वच्छ सागर, सुरक्षित सागर' ही ७५ दिवसांची मोहीम राबविली. किनारा स्वच्छतेने साचलेला कचरा हटतो, परंतु प्रवाहातून येणारा कचरा थांबत नाही.
* '''उगमाशी अडवणूक :''' नाल्यांच्या मुखाशी जाळ्या किंवा तरंगते अडथळे लावून कचरा खाडीत जाण्यापूर्वी काढता येतो. त्यासाठी तो नियमितपणे उचलणे आवश्यक असते, अन्यथा अडथळे तुंबून पाणी साचते. उल्हास खोऱ्यात अनेक नगरपालिका व महानगरपालिका असल्याने एका शहराने केलेल्या प्रयत्नांचा परिणाम मर्यादित राहतो.
* '''निर्माल्य संकलन :''' घाट व रेल्वेस्थानके येथे निर्माल्य कलश ठेवून फुलांपासून खत तयार करता येते.
* '''मच्छीमारांचा सहभाग :''' केरळमधील कोल्लम जिल्ह्यातील नींदकरा बंदरात २०१७ मध्ये 'शुचित्व सागरम्' हा प्रकल्प सुरू झाला. मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लास्टिक पिशव्यांत भरून बंदरात आणावयाचे आणि तेथे स्त्रियांच्या गटाने ते धुऊन, तुकडे करून रस्त्यांच्या डांबरात वापरण्यासाठी द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते.

डोल मासेमारीच्या किनाऱ्यांवर अशा योजनेचा उपयोग अधिक होऊ शकतो, कारण प्रत्येक प्रवाहाबरोबर जाळ्यात प्लास्टिक येतच असते. मात्र लहान होडीत कचऱ्यासाठी जागा अपुरी असते. शिवाय किनाऱ्यावर तो स्वीकारणारी व्यवस्था नसल्यास वेचलेले प्लास्टिक पुन्हा पाण्यात जाण्याची शक्यता राहते. म्हणून मासळी उतरविण्याच्या ठिकाणी कचरा संकलनाची सोय, जुनी जाळी परत घेण्याची व्यवस्था आणि मच्छीमारांच्या श्रमाचा मोबदला या तीन बाबी अशा योजनांच्या यशासाठी आवश्यक ठरतात.

## हे सुद्धा पहा

* मीरा-भाईंदर
* उत्तन
* वसईची खाडी
* उल्हास नदी
* बोंबील
* कोळी समाज
* कांदळवन
* सूक्ष्मप्लास्टिक
* नाविका सागर परिक्रमा